नाण्यांनी थंडावलेला झरा

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारी सेवा 25 ऑगस्ट 1916 रोजी स्थापन झाली. 2026 सालच्या मोफत प्रवेशाच्या दिवसांत या वर्धापनदिनाचा समावेश आहे. त्या वर्षापासून ही सवलत अमेरिकेच्या रहिवाशांनाच मिळते. एरवी यलोस्टोन उद्यानात मोटार घेऊन जायचे तर 35 डॉलर शुल्क पडते. मोफत दिवशी पाहुण्याचे पैसे वाचतात. पण पाहुण्यांच्या येण्याची किंमत उद्यानाला कशी मोजावी लागते, हे तेथील एका झऱ्याच्या गोष्टीवरून समजून घेऊ.

1872 साली स्थापन झालेले यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. यलोस्टोनमध्ये असे झरे हजारोंनी आहेत. तेथे जमिनीखाली वितळलेला खडक आहे. त्याच्या उष्णतेने खोल मुरलेले पाणी तापते आणि भेगांतून वर येते.

खोलवरचे पाणी उकळत का नाही?

द्रवाचा उत्कलनबिंदू त्यावरील दाबावर अवलंबून असतो. यलोस्टोनमधील झऱ्यांचा मोठा समूह समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 100 ऐवजी सुमारे 93 अंश सेल्सिअसलाच उकळते. पण 10 मीटर खोल गेलो, तर वरच्या पाण्याचा भार त्या दाबात मिळतो आणि उत्कलनबिंदू सुमारे 115 अंशांवर जातो. म्हणजे तेथील 110 अंशांचे पाणीही न उकळता शांत राहते. वरचा भार अचानक कमी झाला, तर मात्र या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो व वरचे पाणी उसळून बाहेर पडते. ‘ओल्ड फेथफुल’ हे प्रसिद्ध उष्ण कारंजे याच तत्त्वावर उडते.

निळे कुंड हिरवे का झाले?

याच परिसरात ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाचे कुंड आहे. नरसाळ्यासारख्या निळ्या फुलावरून त्याला हे नाव मिळाले. खोल, स्वच्छ पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषते, म्हणून ते निळे दिसते. पाणी फार गरम असेल तर त्यात रंगीत सूक्ष्मजीवांचे थर वाढत नाहीत आणि निळाई टिकून राहते.

पूर्वी मोटाररस्ता या कुंडाच्या अगदी जवळून जात असे. येणारे-जाणारे गंमत म्हणून किंवा इच्छा मनात धरून त्यात नाणी टाकत. नदी ओलांडताना पाण्यात नाणे टाकण्याची रीत आपल्याकडेही आहेच! नाणी व कचरा तळाच्या भेगांत अडकला आणि खालून येणारे गरम पाणी कमी झाले. पृष्ठभागावरून हवेत जाणारी उष्णता मात्र चालूच होती. आवक घटली, जावक तशीच राहिली. साहजिकच पाण्याचे तापमान उतरले. मग कडेचे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकले. निळ्या पाण्यातून तळाचा पिवळा थर दिसू लागला आणि कुंड हिरवट झाले.

1950 साली उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी एक उपाय केला. त्यांनी वक्रनळीने कुंडातील पाणी काढून त्याची पातळी उतरवली. पुढे काय झाले असेल, ते तुम्ही आता सांगू शकाल. दाब कमी झाला, खालचे पाणी उकळले आणि कुंड उसळले! त्याबरोबर नाणी, बाटल्या, डबे, हातरुमाल, एवढेच काय, पायमोजेही बाहेर आले. पण पूर्वीची निळाई कायमची परत आली नाही. पुढे रस्ता दूर नेण्यात आला. झऱ्यांत वस्तू टाकणे तेथे गुन्हा आहे.

एका नाण्याने झरा थंडावत नाही. पण ‘माझ्या एकाने काय होणार?’ असे प्रत्येकाने म्हटले, म्हणजे मात्र तो थंडावतो. तिकीट काढून गेलात काय किंवा फुकट गेलात काय, हा हिशेब सारखाच.

करून पाहा

(शिक्षकांच्या देखरेखीखाली) उकळून सुमारे 70 अंशांपर्यंत निवलेले थोडे पाणी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घ्या. आतली हवा काढून टाका व तोंड रबरी टोपणाने घट्ट बंद करा. आता दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी उकळू लागेल. दट्ट्या सोडा, उकळणे थांबेल. आच न देता पाणी का उकळले?

विचार करा

1. प्रेशर कुकरमधील पाणी आणि झऱ्याच्या तळाचे पाणी यांत कोणते साम्य आहे?
2. तुमच्या गावच्या विहिरीत किंवा कुंडात लोक काय काय टाकतात? त्यामुळे पाण्यात कोणते बदल होतात, याची महिनाभर नोंद ठेवा.