हवेवरची गाडी, लोखंडावरचं वजन

लँड रोव्हरची डिस्कव्हरी टू १९९८ ते २००४ या काळात इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यात बनत होती. मी तिथून जवळच, बर्मिंगहॅमला राहतो आणि तसली एक सात सीटर अजून चालवतो. तिला पुढे लोखंडी स्प्रिंगा आहेत, मागे मात्र हवेच्या रबरी पिशव्या. आपल्या शिवनेरी बसखाली असतात त्याच जातीच्या, फक्त लहान. मागे माणसं बसली, सामान लादलं की कंप्रेसर हवा वाढवतो आणि बसलेला मागचा भाग पुन्हा सपाटीला येतो. या पिशव्या कधी ना कधी बदलाव्या लागतातच आणि ते काम घराच्या दारात करता येतं. करताना जे उमगलं ते असं.

१. आधी गळती पकडा, मग पार्ट मागवा. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला कललेली दिसली, तर त्या बाजूची पिशवी किंवा नळी धरून चालायला हरकत नाही, कारण दोन्ही बाजूंची हवा वेगवेगळ्या व्हॉल्व्हमधून जाते. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील, तर कंप्रेसरच्या डब्यापासून तपासत या. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याने मारा. पिशवीचं रबर खालच्या प्लास्टिकच्या पिस्टनवर दुमडून उतरतं आणि तडे पडतात ते त्या घडीतच. गाडी बसलेली असताना हे तडे घडीत दडून राहतात. इंजिन चालू करून गाडी उंचीला येऊ द्या, मग बॅटरी मारून पाहा. बारीक, न थांबणारा फेस दिसला की चोर सापडला.

२. या गाडीच्या हँडब्रेकवर विसंबू नका. तो चाकांना धरत नाही, ट्रान्सफर बॉक्समागे शाफ्टवरच्या ड्रमला धरतो. त्यामुळे मागचं एक चाक जरी जमिनीवरून सुटलं, तरी डिफरन्शियलच्या कृपेने गाडी हँडब्रेक ओढलेला असूनही घरंगळू शकते. सपाट, टणक जागा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून अडण्या, हे जॅकला हात लावण्याआधी.

३. वजन नेमकं कशावर आहे, हे स्वतःला मोठ्याने सांगा. माझं उत्तर ठरलेलं आहे: चासी दोन भक्कम स्टँडवर, ॲक्सल वेगळ्या जॅकवर. पिशवीत हवा आहे तोवर ती गाडी तोलते, हवा गेली की काहीच तोलत नाही. म्हणून हवा सोडण्याआधीच सगळा भार लोखंडावर आलेला हवा. गाडीला हाताने चांगलं हलवून बघा आणि मगच खाली शिरा. ॲक्सलखालचा जॅक काढू नका, नाहीतर ॲक्सल लोंबकळून ब्रेकचा पाइप ताणला जातो.

४. हवा सावकाश सोडा. गॅरेजमध्ये कॉम्प्युटर जोडून व्हॉल्व्ह उघडतात. घरी नळीच सोडवावी लागते. किल्ली खिशात, डोळ्यांवर चष्मा, तोंड बाजूला. नळीच्या तोंडाशी असलेली कडी आत दाबून धरायची आणि नळी बाहेर ओढायची. पकडीने पिळलीत तर नळीवर ओरखडे उठतात आणि नवी पिशवीही त्याच जागी गळते. टोक खराब दिसलं तर धारदार पात्याने काटकोनात थोडं कापून घ्या.

५. पिशवी निघते लवकर, गंज निघत नाही. वरच्या बाजूला दोन क्लिपा, खाली पिस्टन फिरवला की तो ॲक्सलवरच्या बैठकीतून सुटतो. खरं काम त्यानंतर दिसतं. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि या गाडीच्या चासीचा मागचा भाग गंजण्यासाठी बदनाम आहे. पिशवीची वरची बैठक एरवी झाकलेलीच असते, त्यामुळे ती तपासायची संधी हीच. तारेच्या ब्रशने घासा, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर नवी पिशवी बाजूला ठेवा आणि आधी वेल्डिंगवाला गाठा.

६. बदलायच्या तर दोन्ही. एका वयाच्या, एकाच रस्त्यावर झिजलेल्या पिशव्या. एक फाटली की दुसरीची पाळी दूर नसते.

७. रिकाम्या पिशवीवर गाडी सोडू नका. रबर भलतीकडे दुमडतं, चिमटतं आणि नवा माल पहिल्याच दिवशी वाया जातो. ॲक्सल जॅकने जरा जास्तच वर घ्या. मग उंची मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं, मागचा भाग बसलाय. गिअर न टाकता इंजिन चालू केलं की कंप्रेसर हवा भरू लागतो. या वेळी गाडीखाली कुणी नको, बाजूने बॅटरी मारून बघा. घडी सगळीकडून सारखी उतरली, की मगच स्टँड काढून भार हळूहळू पिशव्यांवर द्या.

८. कंप्रेसरचा आवाज ऐका. गळक्या पिशव्यांनी त्याला महिनोन्‌महिने राबवलेलं असतं. नव्या पिशव्यांनंतरही तो बराच वेळ घरघरत राहिला, तर गळती उरली आहे किंवा तो स्वतः थकला आहे. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजून लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

९. चिखल घडीत वाळू देऊ नका. खडकाळ वाटेवरून आलात की पाण्याच्या साध्या धारेने पिशव्यांची खालची घडी धुवा. वाळूचा कण तिथे रबराला रोज घासतो. पुण्या-मुंबईकडे डिस्कव्हरी फोर घेऊन सह्याद्रीत फिरणाऱ्यांनाही हे लागू. फक्त त्या गाडीत चारही कोपऱ्यांत हवा असते आणि पिशवी शॉकॲब्सॉर्बरभोवतीच बसवलेली असते. तिथे वरच्या कृतीचा उपयोग नाही, ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

१०. लोखंडी स्प्रिंगांचा मोह समजून घ्या. हवा काढून मागेही लोखंडी स्प्रिंगा बसवायचे किट मिळतात. कंप्रेसर, सेन्सर, नळ्या, सगळी कटकट संपते. गाडी कायम रिकामी किंवा कायम एकसारखी लादलेली असेल, तर सौदा वाईट नाही. ब्रिटनमध्ये मात्र असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. मी हवेवरच राहिलो, कारण माझ्या गाडीत सोमवारी मी एकटा असतो आणि शनिवारी मागे ट्रेलर, आत सहाजण. लोखंडी स्प्रिंग यातल्या एकाच दिवसाला बेतून घेता येते. आठवडाभराचं वजन असं बदलत असेल, तर पिशव्यांचा खर्च मला तरी रास्त वाटतो.