डेटाबेस सर्व्हर : सुरुवातीला चारच गोष्टी

मायएसक्यूएलमध्ये बदलता येतील अशा सेटिंग्ज शेकडो आहेत. नवीन माणूस तिथेच घाबरतो. पण सुरुवातीला चार कळल्या तरी काम भागतं. मी वाशीम जिल्ह्यातल्या रिठदची, शाळा मात्र कॉन्व्हेंटची. म्हणून मराठी जरा सांभाळून घ्या.

१) दार : सर्व्हर ३३०६ नंबरच्या पोर्टवर हाक ऐकतो. बाइंड-अ‍ॅड्रेसला १२७.०.०.१ दिलं, की फक्त आपल्याच मशीनवरची हाक ऐकू येते. शिकताना हेच ठेवा. होस्टेलच्या लॅनवर दार सताड उघडं कशाला?

२) किल्ली : रूट म्हणजे घरमालक. त्याला पासवर्ड द्याच. प्रोजेक्टसाठी वेगळा युजर करा आणि त्याला एकाच डेटाबेसचे हक्क द्या. पाहुण्याला खोली देतो, तिजोरीची किल्ली नाही.

३) डबा : वर्षाची ज्वारी कोठीत असते, रोजची डब्यात. हार्ड डिस्क ही कोठी, रॅम हा डबा. डब्याचं माप म्हणजे इनोडीबी बफर पूल साइज. ते मुळात १२८ एमबी असतं. डेटा जास्त झाला की सर्व्हर सारखा कोठीकडे पळतो आणि स्लो होतो. ४ जीबी रॅमच्या पीसीवर १ जीबी पुरे. सगळी रॅम दिली तर ऑपरेटिंग सिस्टिम उपाशी!

४) लिपी : ही सर्वांत महत्त्वाची. ५.७ व्हर्जनपर्यंत डीफॉल्ट लिपी लॅटिन१ होती. २०१८ च्या ८.० पासून यूटीएफ८एमबी४ आली. ‘रिठद’ म्हणजे र, वेलांटी, ठ, द : प्रत्येकी ३, एकूण १२ बाइट. लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. स्ट्रिक्ट मोड असेल तर एरर येते. नसेल तर सर्व्हर गुपचूप ‘????’ साठवतो. पैठणचीही चारच प्रश्नचिन्हं! मग कोणतं गाव कोणतं? ते परत मिळत नाही. उद्या तिथे एखाद्या शेतकऱ्याचं नाव असेल तर?

लक्षात ठेवा, सर्व्हरची लिपी बदलली तरी जुनी टेबल्स बदलत नाहीत. ती वेगळी बदलावी लागतात. कनेक्शनचीही लिपी तीच हवी.

फाइलची कॉपी ठेवा, एका वेळी एकच ओळ बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा, ‘शो व्हेरिएबल्स’ने तपासा. शेवटी आपल्या गावाचं नाव टाकून परत वाचा. जसंच्या तसं आलं, की पुढच्या कामाला लागा.