हक्कापेक्षा अधिक मिळालेली रक्कम : देणगी की अमानत?

बुलढाणा–मलकापूर मार्गावरील मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता कपडे, पुस्तके आणि घरगुती वस्तू मोबाईलवरून मागविल्या जातात. त्यातून एक नवा मसला आपल्या घरांत उद्भवला आहे. समजा, ईदसाठी मुलांचे कपडे मागविले आणि ते ईदनंतर चार दिवसांनी पोहोचले. तक्रार केल्यावर विक्रेत्याने दिलगिरी व्यक्त करून पूर्ण किंमत परत केली व ‘कपडेही ठेवून घ्या’ असे कळविले. दुसऱ्या एका घरी किंमत होती 1,200 रुपये. खात्यात मात्र 2,400 जमा झाले. हा पैसा हलाल आहे काय?

वरवर पाहता दोन्ही प्रसंग सारखेच वाटतात. शरीअतच्या दृष्टीने मात्र ते भिन्न आहेत आणि हा भेद देणाऱ्याच्या संमतीचा आहे. दिव्य कुरआनच्या सूरह निसामधील 29 व्या आयतीत एकमेकांची संपत्ती गैरमार्गाने खाण्यास मनाई असून परस्परसंमतीचा व्यापार वैध ठरविला आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘किती आले?’ हा नसून ‘देणाऱ्याने ते जाणून दिले काय?’ हा आहे.

जाणून दिलेले

हजरत जाबिर (रजि.) यांचा उंट प्रवासात थकला असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो त्यांच्याकडून विकत घेतला. मदीनेत पोहोचल्यावर ठरलेली किंमत दिली, हजरत बिलाल (रजि.) यांना तोलताना थोडे अधिक देण्यास सांगितले आणि अखेरीस उंटही जाबिर यांनाच परत दिला. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही घटना आली आहे. येथे औदार्य खरेदीदाराचे होते, आपल्या उदाहरणात ते विक्रेत्याचे आहे, तत्त्व एकच. मालकाने स्वखुशीने हक्कापेक्षा अधिक दिले तर ती देणगी होय. ती निःसंकोच स्वीकारावी व देणाऱ्याचे आभार मानावेत.

चुकून आलेले

बुखारी व मुस्लिममध्येच पूर्वीच्या काळातील दोन व्यक्तींची हकीकत आहे. एकाने जमीन विकत घेतली. तिच्यात सोन्याने भरलेले भांडे सापडताच तो विक्रेत्याकडे गेला व म्हणाला की, आपण जमीन घेतली होती, सोने नव्हे. विक्रेत्याचे म्हणणे होते की, जमिनीसह तिच्यातील सर्व काही विकले गेले. दोघेही सोने घेईनात! अखेर निवाडा करणाऱ्याने एकाच्या मुलाचा विवाह दुसऱ्याच्या मुलीशी लावून देण्यास व ते सोने त्यांच्यावर खर्च करण्यास सांगितले. सौद्यात जे ठरले नाही, ते आपले म्हणताना या लोकांचे हृदय कापत होते.

वरील 1,200 रुपये विक्रेत्याची अमानत आहेत. देशाचा कायदाही हेच सांगतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 नुसार चुकीने मिळालेला पैसा परत करणे बंधनकारक आहे.

खोटे बोलून मिळविलेले

वस्तू उशिरा आली असता ‘आलीच नाही’ असे कळविणे किंवा वापरलेली वस्तू सदोष सांगून परत करणे ही उघड फसवणूक आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या व देताना कमी देणाऱ्यांना कठोर इशारा आहे. शिवाय अशा तक्रारीचा जाब पार्सल पोहोचविणाऱ्या गरीब मुलाला द्यावा लागू शकतो. तो अनेकदा आपल्याच पंचक्रोशीतला असतो.

याचा अर्थ आपला हक्क सोडावा असा नव्हे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. आवाक्याबाहेरील आपत्तीमुळे झालेला उशीर अपवाद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे. खरी तक्रार अवश्य करावी.

काही सबबी

‘कंपनी श्रीमंत आहे, तिला काय फरक पडतो?’ मालकाच्या श्रीमंतीने त्याचा हक्क नष्ट होत नाही. ‘ते कुठे मुसलमान आहेत?’ हिजरतच्या वेळी, इ.स. 622 मध्ये, मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, तरीही त्यांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. ‘मग मशिदीला देऊन टाकतो.’ मालक ठाऊक असताना त्याचा पैसा दान केल्याने जबाबदारी संपत नाही. मशिदीची पेटी दुसऱ्याच्या पैशासाठी नाही.

मार्ग सोपा आहे. ग्राहक सेवेला लेखी कळवावे, जादा आलेली रक्कम स्पष्ट सांगावी आणि उत्तर जपून ठेवावे. चूक समजल्यानंतरही त्यांनी ‘राहू द्या’ असे कळविले, तर आता ती देणगी झाली. उत्तर येईपर्यंत मात्र ती रक्कम खर्च करू नये.

शेवटी आपल्या दुकानदार व कारागीर बांधवांसाठी एक शब्द. ईदचे कपडे ईदनंतर शिवून देणारा शिंपी किंवा वायदा चुकविणारा व्यापारी आपल्यातही असतो. ग्राहकाने भांडण्यापूर्वीच दिलगिरी व्यक्त करून किमतीत सूट देणे, हे जाबिर (रजि.) यांच्या घटनेतून त्यानेही शिकावे.

अल्लाह आपल्या मिळकतीत बरकत देवो आणि आपल्या घरांना दुसऱ्याच्या हक्कापासून सुरक्षित ठेवो. आमीन.