कुलकुले मऊ का पडतात?

प्रश्न : नाताळच्या तोंडावर मुलांना घेऊन कुलकुले करायला बसणं हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता दिवस. पण डबा भरला की तीन-चार दिवसांत कुलकुले मऊ पडतात आणि सगळ्यांचा हिरमोड होतो. काय चुकतं? मुलांना आणखी कोणतं काम देता येईल?
– एक आई, वसई

उत्तर : बहुतेक वेळा आच चुकते. तेल फार तापलं की कुलकुला वरून पटकन तांबूस होतो, आत ओलावा राहतो आणि तोच पुढे डब्यात पसरतो. मध्यम आचेवर थोडे थोडे तळा. नारळाच्या दुधात भिजवत असाल तर पीठ घट्टच हवं. मुलांच्या हातचे कुलकुले जाड-बारीक होणारच, जाड वेगळे काढून शेवटी, जास्त वेळ तळा. काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर गोळी दाबून वळताना कड नीट चिकटवायला शिकवा. पाकात घोळवायचे असतील तर पाक पक्का करा. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका.

दुसरं काम नाताळच्या गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं. १५ डिसेंबरच्या सुमारास पसरट भांड्यात माती घालून गहू किंवा नाचणी पेरा, रोज पाणी शिंपडायचं काम धाकट्याकडे द्या. नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवं शेत तयार होतं. २४च्या रात्री बाळ येशूला गव्हाणीत कोण ठेवणार, यावरून मात्र भांडण होईल. पाळी आधीच ठरवून टाका.