माऊथगार्ड आणि पहिला तास : वनप्रदेशातील दंतरक्षणाचा विचार

धानाची कापणी-मळणी आटोपली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मंडईचे दिवस सुरू होतात. एका गावी झाडीपट्टीचे नाटक रात्रभर रंगते, तर शेजारच्या गावी दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने चालतात. या दिवसांत आपणा सर्वांच्याच चिकित्सालयात मुरगळलेला घोटा आणि उतरलेला खांदा यांच्या जोडीला आणखी एक रुग्ण येतो. त्याचा ओठ फाटलेला असतो आणि पटाशीचा दात हललेला अथवा पडलेला असतो. या रुग्णाविषयी आपल्या वर्तुळात फारसे लिहिले जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभी आमचीच एक चूक नमूद करणे आम्हांस योग्य वाटते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास सोळा वर्षांच्या एका मुलास आमच्याकडे आणले गेले. चढाई करताना पकड करणाऱ्याचा गुडघा त्याच्या तोंडावर आदळला होता. वरचा एक दात मुळासकट निखळला होता आणि मित्राने तो कागदात गुंडाळून आणला होता. आम्ही रक्तस्राव थांबविला, जखमेस हळद लावली, दात तुरटीच्या पाण्याने घासून लख्ख केला आणि सकाळी दंतवैद्यकाकडे जाण्यास सांगितले. दंतवैद्यकांनी तो दात पाहून एकच प्रश्न विचारला, “हा घासला कोणी?” तो तरुण आज काढता-घालता येणारा कृत्रिम दात वापरतो आणि छायाचित्र काढताना ओठ मिटून घेतो. त्या रात्री आम्ही निष्काळजी नव्हतो. परंतु या बाबतीत अनभिज्ञ होतो.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे भग्नचिकित्सेत, आघाताने हललेल्या दातांचा विचार केला आहे. दात मोडला नसून केवळ चलित झाला असेल व रक्त येत असेल, तर तरुण रुग्णाचा दात दाबून जागी बसवावा, बाहेरून शीत लेप व शीत जलाचे सिंचन करावे, संधानीय द्रव्यांनी उपचार करावेत आणि कमळाच्या देठाच्या नळीने दूध पाजावे, असा त्याचा आशय आहे. वृद्धाचे चलित दात मात्र वर्ज्य सांगितले आहेत. वयानुसार केलेला साध्यासाध्यतेचा हा भेद आणि चावण्याचे श्रम टाळणारी ही आहारयोजना आजही मननीय आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संहितेतील दूध हे पिण्यासाठी आहे. पूर्णपणे निखळलेला दात दुधात ठेवून वाहून नेणे हा अर्वाचीन विचार आहे. दोहोंची सांगड घालून प्राचीनत्वाचा दावा करण्याचा मोह टाळावा. तसेच इरिमेदादी तेलाचा गंडूष हिरड्यांच्या बलासाठी आपण योजतो, तो अवश्य योजावा. परंतु गुडघ्याचा आघात शोषून घेणे हे तेलाचे काम नव्हे. त्यासाठी दातांवर प्रत्यक्ष आवरणच हवे.

माऊथगार्डचे प्रकार

दातांवर घालावयाच्या या आवरणास सर्वत्र माऊथगार्ड असेच म्हणतात. १८९० च्या दशकात लंडनचे दंतवैद्यक वूल्फ क्राउझे यांनी मुष्टियोद्ध्यांसाठी गटापर्चाच्या पट्ट्या वापरल्या, तेथून याचा इतिहास सुरू होतो. आज त्याचे तीन प्रकार आढळतात.

पहिला तयार मापाचा. तो सैल असतो, दात आवळून धरावा लागतो, बोलता येत नाही आणि श्वासास अडथळा होतो. कबड्डीत तर चढाई करणाऱ्यास सतत शब्दोच्चार करावा लागतो, त्यामुळे असे गार्ड पहिल्या पाच मिनिटांतच खिशात जाते. दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून तोंडात चावून बसविण्याचा. तो पहिल्यापेक्षा बरा. मात्र चावताना पुढच्या दातांवरील थर पातळ होतो, आणि जेथे आघात बसतो तेथेच संरक्षण उणे पडते.

तिसरा प्रकार प्रत्येकाच्या दातांच्या मापावरून दंतवैद्यकाने बनविलेला. यात वरच्या दातांचे माप अल्जिनेट या लगद्यात घेतात, त्यावरून प्लास्टरचा नमुना तयार करतात आणि ईव्हीए या लवचीक प्लास्टिकचा तापविलेला पत्रा त्यावर निर्वाताने अथवा दाबाने बसवितात. नंतर कडा कापून ओठांच्या पट्ट्यांना जागा देतात आणि खालचे दात सर्वत्र सारखे टेकतात की नाही हे पाहतात. दातांच्या पुढील बाजूस सुमारे ३ मिलीमीटर जाडी अपेक्षित असते. असे गार्ड तोंड उघडले तरी जागचे हलत नाही आणि बोलण्यास फारशी अडचण येत नाही. ते आघाताचा जोर अनेक दातांवर विभागते, काही अंशी शोषून घेते आणि ओठ व गाल दातांवर चिरडू देत नाही. मेंदूस बसणारा धक्का त्याने टळतो, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. तसे आश्वासन रुग्णास देऊ नये.

झोपेत दात खाणाऱ्या रुग्णासाठी दंतवैद्यक देतात ते रात्रीचे आवरण निराळे असते. एकाच्या जागी दुसरे देऊ नये.

आपल्या भागातील अडचणी

पहिली अडचण खर्‍याची. सुपारी, तंबाखू व चुना यांच्या या घोटलेल्या मिश्रणाने तोंडाचे आतील अस्तर ताठर होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. अशा तरुणाच्या तोंडात माप घेण्याचा ट्रेसुद्धा जात नाही. म्हणून खेळाडूस माऊथगार्डचा सल्ला देण्यापूर्वी त्याची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, हे पाहावे. जात नसतील, अथवा गालाच्या आत पांढरट कठीण पट्टे लागत असतील, तर माऊथगार्डचा प्रश्न मागे पडतो. अशा रुग्णास खर्रा बंद करण्यास सांगून मुखरोगतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. या एका परीक्षेने काही रुग्णांचा गंभीर आजार वेळेत लक्षात येईल.

दुसरी अडचण अंतराची. अल्जिनेटचे माप हवेत कोरडे पडून आकसते, म्हणून त्यात लवकरच प्लास्टर ओतावे लागते. ओले माप बसने नागपूरला पाठविणे व्यर्थ होय. प्लास्टरचा नमुना मात्र सुखरूप पाठविता येतो. यावर आम्हांस सुचणारा मार्ग असा : हंगामापूर्वी गावच्या संघातील सर्व खेळाडूंना एकाच दिवशी तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या दंतवैद्यकाकडे न्यावे, अथवा त्यांनाच गावी बोलवावे. मापे घेऊन नमुने तेथेच ओतावेत आणि दुसऱ्या भेटीत गार्ड बसवून घ्यावीत. माप घेणे व गार्ड बनविणे हे दंतवैद्यकाचे काम आहे. संघाची जुळवाजुळव करणे हे आपण करू शकतो.

प्राधान्य कोणास द्यावे? कबड्डी, कुस्ती, कराटे, मुष्टियुद्ध व हॉकी खेळणाऱ्यांस. खो-खोमध्ये खांबाकडे झेपावणाऱ्यांस. वरचे दात पुढे आलेल्या मुलांस. आणि पूर्वी दाताला मार लागलेल्यांस. दातांना तार लावलेल्या खेळाडूने चावून बसवावयाचे गार्ड परस्पर वापरू नये, कारण मऊ झालेले प्लास्टिक तारेत अडकते. आश्रमशाळेतील बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दुधाचे दात पडून कायमचे दात येत असतात, म्हणून त्यांचे गार्ड वरचेवर तपासून बदलावे लागते.

निगा सोपी आहे. खेळानंतर थंड पाण्याने धुवावे, मऊ ब्रश व सौम्य साबण वापरावा आणि छिद्रे असलेल्या डबीत ठेवावे. दंतमंजनाने घासल्यास चरे पडून त्यांत मळ साचतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. अशा दिवसांत मोटारीत अथवा दुचाकीच्या डिक्कीत विसरलेले गार्ड आकार सोडते.

पहिला तास

गार्ड नसताना दात निखळलाच, तर काय? दाताच्या मुळावर त्यास हाडाशी जोडणारा तंतुमय पडदा असतो. त्यातील पेशी जिवंत राहिल्या तरच दात पुन्हा नीट धरतो. कोरड्या अवस्थेत तासाभरात त्या बहुतांशी मरतात. भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर आहे आणि सिरोंचाहून अंतर २०० किलोमीटरहून अधिक. म्हणजे आपल्या भागात हा तास बहुधा रस्त्यावरच संपतो. याच कारणाने शहरापेक्षा येथे माऊथगार्डचे मोल अधिक आहे, आणि दात पडल्यावर प्रथम भेटणाऱ्या वैद्याचे दायित्वही अधिक आहे.

आंतरराष्ट्रीय दंताघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांना अनुसरून क्रम असा ठेवावा :

१. बेशुद्धी, उलटी, जबडा न मिटणे अथवा सतत खोकला असल्यास प्रथम रुग्णालय. न सापडलेला दात श्वासमार्गात गेलेला असू शकतो.

२. दुधाचा दात पुन्हा बसवू नये. खालच्या कायमच्या दाताच्या अंकुरास इजा होते.

३. कायमचा दात शिखराकडून, म्हणजे पांढऱ्या भागाकडून धरावा. मुळास स्पर्श करू नये. मळ असल्यास दूध अथवा सलाइनने हलकेच धुवावा. घासू नये, हळद, तुरटी, लवंगतेल वा कोणतेही औषध मुळास लावू नये.

४. रुग्ण शुद्धीत असल्यास दात लगेच उलूखलात बसवून स्वच्छ रुमाल चावून धरण्यास सांगावे.

५. बसविणे शक्य नसल्यास दात दुधात ठेवावा. दूध नसल्यास रुग्णाच्याच लाळेत अथवा सलाइनमध्ये ठेवावा. जीवरक्षक क्षारांचे द्रावण, म्हणजे ओआरएससुद्धा चालते. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. तरीही कोरड्यापेक्षा पाणी बरे.

६. धनुर्वाताची लस तपासून त्याच रात्री दंतवैद्यकाकडे रवाना करावे. सकाळची वाट पाहू नये.

दंतवैद्यक पुढे दात लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. त्या काळात मृदू आहार, दूध-भात, पेज व कोमट कवल ही आपली बाजू आपण उत्तम सांभाळू शकतो.

औषधालयचालकांस विनंती

सामन्यांच्या काळात दुकानात ओआरएसची पाकिटे, सलाइनची छोटी बाटली व झाकणाची स्वच्छ डबी हाताशी ठेवावी. गरम पाण्यातील गार्ड विकताना ते मापावरून बनविलेल्या गार्डच्या तोडीचे नाही, हे ग्राहकास सांगावे. ‘दात पडला तर दुधात ठेवा, घासू नका’ एवढे एक वाक्य मोठ्या अक्षरांत दुकानाच्या दर्शनी भागी लावावे.

आम्ही ज्या मुलाचा उल्लेख केला, त्याने गेल्या हंगामात आपल्या धाकट्या भावाचे माप घेण्यास त्याला स्वतः दंतवैद्यकाकडे नेले. जे आम्ही त्याला सांगू शकलो नव्हतो, ते त्याने अनुभवाने जाणले. आपल्या गावातील पुढच्या मुलास हे अनुभवाने शिकावे लागू नये, एवढ्यासाठी हा लेख. येत्या मंडईपूर्वी आपापल्या गावच्या एका तरी संघाशी बोलावे, अशी सर्व व्यावसायिक बंधू-भगिनींस आमची नम्र विनंती आहे.