छोट्या कारखान्यातील मालकशाही

दहा-पंधरा माणसांच्या आस्थापनेत मालक, व्यवस्थापक, हिशेब तपासणारा आणि तक्रार ऐकणारा हा बहुधा एकच माणूस असतो. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहन कंपन्यांसाठी सुटे भाग बनवणारी अशी कितीतरी वर्कशॉप आहेत. तिथे एचआर विभाग नसतो आणि नेमणूकपत्र क्वचितच मिळते. पगार, रजा, कामाची वेळ सगळे तोंडी ठरते. मालक समजूतदार असला तर याचा फायदाही होतो. अडीअडचणीला पैसे मिळतात, फोनवर रजा मंजूर होते. मालक हट्टी आणि संशयी निघाला की काल दिलेला शब्द आज फिरवला जातो, आणि कामगाराकडे दाखवायला कागद नसतो.

मुलाखतीत "आपल्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात" असे सांगितले जाते. त्याचा अर्थ हळूहळू कळतो. रविवारी डिस्पॅचला यावे लागते, मालकाच्या घरच्या कार्याच्या पत्रिका वाटाव्या लागतात, आणि ओव्हरटाइमचे पैसे मागितले की "घरात कोणी तास मोजतं का?" असे ऐकावे लागते. पगारवाढ मागणारा कृतघ्न ठरतो. बाहेर शंभर जण उभे आहेत, हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतेच.

नियंत्रणाची साधने साधीच असतात. मालक घरी बसून मोबाईलवर कॅमेरा पाहतो. बिलिंगचा माणूस टेबलावरून उठला की दोन मिनिटांत लँडलाइन वाजतो. फोन शेजारचा उचलतो आणि त्यालाच विचारले जाते, "ती खुर्ची रिकामी का?" ज्याच्याबद्दल विचारले तो परत आल्यावर सगळ्यांसमोर त्याला निरोप दिला जातो. मालक ओरडत नाही, शिवी देत नाही; फक्त विचारतो. काही आठवड्यांत माणसे पाणी कमी पिऊ लागतात, म्हणजे उठायला नको. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो आणि निळी टिक दिसूनही उत्तर आले नाही की सकाळी बोलणी बसतात. एखाद्या जुन्या माणसाकडे बातम्या पोचवण्याचे काम असते. यातला सर्वांत मोठा तोटा असा की सहकारी एकमेकांशी पगाराबद्दल बोलणे बंद करतात. कोणाला किती मिळते हे एकट्या मालकालाच ठाऊक राहते, आणि ते त्याच्या सोयीचे असते.

उचल हे या कारखान्यांतले दावे आहे. लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी मालक आपणहून पैसे देतो, त्याची वाच्यता चार लोकांत करतो, आणि फेड अशी लावतो की सोडून जाण्याचे वर्ष पुढे ढकलत राहावे. घेतलेल्या उचलीची आणि प्रत्येक हप्त्याची नोंद स्वतःच्या वहीत तारखेसह ठेवावी आणि मालकाला मेसेज करून तिला दुजोरा मिळवावा. मालकाच्या डायरीतला आकडा कमी होताना फारसा दिसत नाही.

डोळे उघडतात ते बहुधा भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकामुळे. उमंग अ‍ॅपवर ते कोणालाही पाहता येते, पण वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. स्लिपवर दरमहा १,८०० रुपये कापलेले असतात आणि पासबुकात मार्चनंतर एकही नोंद नसते. विचारल्यावर मालक पैशांबद्दल बोलतच नाही. "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" असे म्हणून तो दुखावला जातो, आणि विचारणाऱ्यालाच अपराधी वाटू लागते. पगारातून कापलेली ही रक्कम कामगाराची असते. ती न भरणे कायद्याने फौजदारी विश्वासघात धरला जातो. "पार्टीचे पेमेंट अडकले आहे" ही सबबही टिकत नाही. लघुउद्योगाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने ४५ दिवसांत द्यावेत आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात मालकासाठी केलेली आहे. मोठ्या कंपनीकडे ते व्याज मागायला जो कचरतो, तो कामगाराचा पगार मात्र बिनदिक्कत थकवतो.

पगाराचे नियम १९३६ च्या कायद्यात होते आणि आता २०१९ च्या वेतन संहितेत आहेत. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. दंड पगाराच्या तीन टक्क्यांहून अधिक लावता येत नाही, आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय तर लावताच येत नाही. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेपुरतीच असते. तीन लेट मार्कला एक दिवसाचा पगार कापण्याची सर्रास चालणारी पद्धत या नियमात बसत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. लैंगिक छळाची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल किंवा आस्थापनेत दहाहून कमी माणसे असतील, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

रुजू होताना मूळ गुणपत्रिका कधीही देऊ नयेत. मालकाने कितीही गोड बोलून मागितल्या तरी झेरॉक्सच द्यावी. सही केलेला कोरा चेक देणे त्याहून घातक. तो भरून बँकेत टाकला आणि परत आला की कामगारावरच खटल्याची टांगती तलवार येते. चेक आधीच दिला असेल तर त्याचा क्रमांक आणि तो तारणापोटी कोरा दिल्याचे मालकाला ईमेलने कळवून ठेवावे. सोडून गेल्यावर स्पर्धकाकडे काम करायचे नाही, या अटीला करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा जोर राहत नाही. तिची धमकी मात्र हमखास दिली जाते.

सोडायचे मनात आले की घाई न करता तब्येत सांभाळावी, घरच्यांशी बोलावे, दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय ही सोडू नये, दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा.

राजीनामा स्वतःच्या खासगी ईमेलवरून आणि स्पीड पोस्टनेही पाठवावा, कारण "मला मिळालाच नाही" हे उत्तर ठरलेले असते. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरही उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. भविष्य निर्वाह निधीत सोडल्याची तारीख मालक मुद्दाम भरत नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती पोर्टलवर स्वतः भरता येते. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे झाली असतील तर उपदान मिळते. २०,००० रुपये वेतनावर वर्षाला साधारण ११,५३८ रुपये. ही रक्कम मालक स्वतःहून कधी सांगत नाही, मागावी लागते.

वाद सहायक कामगार आयुक्तांपर्यंत गेला की काही मालक "हा आमच्याकडे कामालाच नव्हता" असे सांगतात. वर्षानुवर्षे ज्याच्याकडून रविवारही काढून घेतला त्याच्याबद्दल! म्हणून पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट, स्वतःच्या सहीची चलने, गेटपास आणि ग्रुपवरचे आदेश नोकरीत असतानाच जपून ठेवावेत. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का व तारीख घ्यावी.