कांदळाच्या रोपांची निगा

खाडीकाठच्या वनाच्या अभ्यासात स्वयंसेवकाला रोपांना पाणी घालावे लागत नाही. ते काम भरतीचे. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि त्याचा लांब कोंब चिखलात पडून मूळ धरतो. आपण अडकलेले प्लास्टिक काढावे, क्रमांकानुसार उंची व पाने मोजून लिहावीत. शेवाळाला हात लावण्यापूर्वी अभ्यासकांना विचारावे. भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून घड्याळापेक्षा तिथी पाहून निघालेले बरे.

खरी कसोटी मेलेल्या रोपापाशी लागते. त्याजागी गुपचूप दुसरे लावावे, असे दयाळू मनाला वाटते. पण प्रत्येक जातीची जागा वेगळी. पांढरी चिप्पी, जिला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष ठरवले, ती समुद्राकडच्या कडेला तग धरते. मेलेले रोप लपवले तर कोणती जागा कोणाला मानवत नाही, हे कळणारच नाही आणि पुढे तिथेच पुन्हा रोपे लावून वाया जातील. आम्ही बँकेतली माणसे. तूट लपवून जुळवलेल्या ताळेबंदाची किंमत जाणतो. तेव्हा 'मृत' लिहून तारीख घालावी आणि क्रमांकाची काठी तिथेच राहू द्यावी.